बी.एस्सी.ला बायोफिजिक्स नव्हतं, मग पुढे कसं जायचं?

जेवणं उरकली असतील. भांडी राहिली असतील तर राहू द्या थोडा वेळ. आज आम्ही जरा वेगळ्या विषयावर बोलणार आहोत, आणि आधीच सांगून टाकतो, दोन महिन्यांपूर्वी आम्हालाही यातलं काही माहीत नव्हतं.

झालं असं. एका गटाच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली, सगळ्या उठल्या आणि एक ताई मागे थांबल्या. त्यांची मुलगी तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. ती म्हणते, मला पुढे बायोफिजिक्स करायचंय. घरात कुणालाच तो शब्द नीट उच्चारता येईना. ताईंच्या दिरांनी एका ठिकाणी ऑफिसच्या खिडकीवर चौकशी केली. आतल्या माणसानं मान वर न करताच सांगितलं, "असा विषय आपल्याकडे नाही. बी.एस्सी.ला विषय नसेल तर एम.एस्सी. कुठून मिळणार?" झालं, घरात ठरलं की तिनं बी.एड. करावं, नाहीतर स्थळं बघायला घ्यावीत. ताईंनी आम्हाला एवढंच विचारलं, "खरंच दार बंद आहे का हो?"

आम्ही मुलीशी बोललो, तिच्या फिजिक्सच्या मॅडमना भेटलो, माहितीपत्रकं वाचून घेतली. खिडकीवरच्या माणसाचं पहिलं वाक्य खरं होतं, दुसरं चुकीचं. बी.एस्सी.ला बायोफिजिक्स हा स्वतंत्र विषय आपल्याकडच्या फार थोड्या कॉलेजांत असतो. पण पुढच्या शिक्षणासाठी तो मागतही नाहीत. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बॉटनी, झूलॉजी, मायक्रोबायोलॉजी अशा कुठल्याही बाजूनं मुलं तिथे येतात. फक्त ज्या बाजूनं आलो त्याच्या पलीकडची बाजू कच्ची असते, ती भरून काढावी लागते. आजचं बोलणं त्या भरून काढण्याबद्दलच आहे.

आधी हा विषय आहे तरी काय, ते बघू. फिजिक्स म्हणजे भौतिकशास्त्र: उष्णता, वीज, प्रकाश, दाब, ओढ. शरीरातली कामं याच गोष्टींच्या नियमांनी कशी चालतात, ते शोधणारं शास्त्र म्हणजे बायोफिजिक्स, मराठीत जीवभौतिकशास्त्र. अंडं उकडलं की पातळ बलक आणि पांढरं घट्ट होतं, कारण आतल्या प्रथिनांच्या घड्या उष्णतेनं उलगडतात आणि ती एकमेकांत गुंततात. करोनाच्या वेळी आशाताई बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघत होत्या, आठवतंय? त्या चिमट्यातून दोन तऱ्हेचा प्रकाश बोटातून जातो, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा. ऑक्सिजन घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेतं, त्यावरून आकडा येतो.

पण आम्हाला हा विषय खरा कळला तो सिकलसेलवरून. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूरकडच्या मैत्रिणींना हा आजार नव्यानं सांगायला नको. अंग दुखून लेकरू तळमळतं, रक्त कमी, वारंवार दवाखाना. आपल्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, ते ऑक्सिजन वाहून नेतं. हिमोग्लोबिन चार साखळ्यांचं बनलेलं असतं, आणि प्रत्येक साखळी म्हणजे छोट्या मण्यांची माळ समजा. त्यातल्या दोन माळांमध्ये सहाव्या जागेवरचा एकच मणी बदललेला असतो. एवढाच फरक! मूळच्या मण्यावर विजेचा ऋण भार असतो आणि त्याला पाणी मानवतं. त्याच्या जागी आलेल्या मण्यावर भार नाही, आणि त्याचं तेलासारखं आहे, पाण्याशी जमत नाही. ऑक्सिजन सोडून दिला की ही हिमोग्लोबिनं त्या जागी एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब दोरे तयार होतात, आणि गोल मऊ रक्तपेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी वाकडी, कडक होते. बारीक नळीतून ती जात नाही. अडकते. म्हणून ते दुखणं.

आता तपासणीचं बघा. शिबिरात आधी साधी चाचणी करतात, आणि त्यात काही आढळलं तर रक्त पुढच्या तपासणीला पाठवतात. तिचं नाव इलेक्ट्रोफोरेसिस. ओल्या पट्टीवर रक्तातलं हिमोग्लोबिन ठेवतात आणि पट्टीच्या दोन टोकांना वीज जोडतात. ज्याच्यावर ऋण भार जास्त ते धन टोकाकडे पुढे सरकतं. सिकलच्या हिमोग्लोबिनवर तो भार कमी, म्हणून ते मागे राहतं. निरोगी माणसाची रेघ पुढे, आजारी माणसाची रेघ मागे, आणि ज्याला आपण वाहक म्हणतो त्याच्या दोन रेघा, एक पुढे एक मागे. लायनस पॉलिंग नावाच्या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली हाच फरक विजेच्या साहाय्यानं दाखवला होता. पॉलिंग मूळचा केमिस्ट्रीचा माणूस. म्हणजे लग्नाआधी ज्या कागदाबद्दल आपण इतकं बोलतो, त्या कागदामागे बायोफिजिक्स आहे.

ताईंच्या मुलीनं आम्हाला तिच्या मोबाइलवर हिमोग्लोबिन दाखवलं. प्रोटीन डेटा बँक म्हणून एक जागतिक साठा आहे, १९७१ साली सुरू झालेला, कुणालाही फुकट बघता येणारा. तिथे इंग्रजीत चार-एच-एच-बी असं टाकलं की हिमोग्लोबिन समोर येतं, बोटानं गरागरा फिरवता येतं. एक मावशी म्हणाल्या, "अगं, हा तर लोकरीचा गुंता!" मुलगी हसली आणि म्हणाली, तो गुंता सोडवायला मॅक्स पेरुत्झ नावाच्या शास्त्रज्ञाला १९३७ पासून वीस वर्षांहून जास्त लागली. त्याचंही मूळ शिक्षण केमिस्ट्रीचं.

या क्षेत्रातल्या मोठ्या नावांकडे बघितलं की खिडकीवरच्या माणसाला काय उत्तर द्यायचं ते आपोआप सापडतं. व्यंकी रामकृष्णन यांचा जन्म तमिळनाडूतल्या चिदंबरमचा, १९७१ साली बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातून फिजिक्सची बी.एस्सी. झाली. अमेरिकेत जाऊन १९७६ साली फिजिक्समध्येच पीएच.डी. केली. मग त्यांना वाटलं, आपल्याला जीवशास्त्र करायचंय. हातात डॉक्टरेट असताना ते पुन्हा विद्यार्थी म्हणून जीवशास्त्र शिकायला बसले, जवळपास दोन वर्षं. शरीरात प्रथिनं जिथे विणली जातात त्या रायबोसोमची रचना शोधण्यात त्यांचा वाटा मोठा, आणि त्यासाठी २००९ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्याबरोबर ते मिळालेल्यांत एदा योनाथ या इस्रायलच्या बाईही होत्या.

रोझलिंड फ्रँकलिन या इंग्लंडच्या बाईंची पीएच.डी. कोळशावर होती. होय, दगडी कोळशावर! कोळशात बारीक छिद्रं किती, त्यातून काय आत जाऊ शकतं, याचा तो अभ्यास. मग पॅरिसला जाऊन त्या क्ष-किरणांनी पदार्थाची रचना बघायला शिकल्या, आणि तेच कसब घेऊन १९५१ साली लंडनला डीएनएकडे वळल्या. त्यांच्या प्रयोगशाळेत १९५२ साली निघालेल्या एका छायाचित्राचा डीएनएचा आकार ओळखायला फार उपयोग झाला. बाई १९५८ साली, वयाच्या ३७ व्या वर्षीच गेल्या. त्यांना जिवंतपणी हवा तेवढा मान मिळाला नाही, हे आमचंच नाही, पुष्कळांचं मत आहे.

आणि आपल्या देशातले जी. एन. रामचंद्रन. हेही फिजिक्सचेच. मद्रास विद्यापीठात बसून त्यांनी कातडी, हाडं आणि स्नायूंच्या दोऱ्यांमधल्या कोलॅजेन या प्रथिनाचा आकार शोधला. तीन पेड एकमेकांत गुंफलेले, अगदी आपल्या तिपेडी वेणीसारखे. १९६३ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर प्रथिनांच्या घड्यांचा जो नकाशा मांडला, तो आजही जगभर वापरतात आणि त्यांच्याच नावानं ओळखतात. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत या विषयाचा विभाग त्यांनी उभा केला.

आता तयारीचं. आधी फिजिक्सच्या मुलीचं बघू, म्हणजे ताईंच्या मुलीसारखी. तिचं गणित आणि भौतिकशास्त्र मजबूत आहे, कच्चं आहे ते जीवशास्त्र. मॅडम म्हणाल्या, सगळं जीवशास्त्र पाठ करायची गरज नाही. झाडांची आणि किड्यांची वर्गवारी तूर्त बाजूला ठेवली तरी चालेल. पेशीत काय काय असतं, डीएनएपासून प्रथिन कसं बनतं, प्रथिनातले वीस प्रकारचे मणी कोणते आणि त्यातल्या कुणाचं पाण्याशी जमतं, पेशीभोवतीचा पडदा काय आत घेतो आणि काय अडवतो, शरीर ऊर्जा कशी साठवतं, एवढं पक्कं हवं. सुरुवातीला अकरावी-बारावीची जीवशास्त्राची पुस्तकं पुरतात. एनसीईआरटीची पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात. आणि केमिस्ट्री सोडू नये. नव्या धोरणात मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घ्यावा लागतो, तो निवडताना मैत्रिणीनं घेतला म्हणून घेऊ नये. कॉलेजात असेल तर केमिस्ट्री किंवा जीवशास्त्रातला एखादा विषय घ्यावा.

दुसरी मुलगी बॉटनी, झूलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजीची. हिचं काम जास्त अवघड, आणि ते आम्ही गोड करून सांगणार नाही. जीवशास्त्र घरी वाचून बरंचसं कळतं. गणित वाचून येत नाही, ते रोज हातानं सोडवावं लागतं. तिला कलन, म्हणजे कॉलेजातली मुलं कॅल्क्युलस म्हणतात ते, लागेल. शक्यतांचं गणित आणि आलेख लागतील. फिजिक्समधलं उष्णता, वीज आणि प्रकाश हे भाग लागतील. रोज एक तास धरला तर दीड-दोन वर्षं सहज जातात. पण होतं. वर्गात एखादी गणिताची मुलगी असेल तर तिच्याशी अदलाबदल करावी, तू मला गणित शिकव, मी तुला पेशी शिकवते.

आणि इथे ज्यांच्या मुली आत्ता दहावीत आहेत त्या आयांनी कान द्या. अकरावीला सायन्स घेताना मुलींचं गणित फार सहज सोडलं जातं. "डॉक्टर व्हायचंय ना, मग गणित कशाला," किंवा "तिला जड जाईल." आपल्याकडे अकरावी-बारावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेता येतात. अभ्यास वाढतो, हे खरं. पण सोळाव्या वर्षी सोडलेलं गणित विसाव्या वर्षी परत मिळवायला किती कष्ट पडतात, ते आम्ही या चौकशीत दोन मुलींच्या तोंडून ऐकलं. आमचं मत विचाराल तर, मुलीला झेपत असेल तर दोन्ही ठेवा.

कॉम्प्युटरचं थोडक्यात सांगतो. पायथन नावाची एक भाषा आहे, कॉम्प्युटरला काम सांगायची. ती फुकट आहे आणि या क्षेत्रात जागोजागी लागते. कॉलेजच्या लॅबमध्ये आठवड्यातून दोन वेळा बसलं तरी जमू लागतं. आयआयटीच्या प्राध्यापकांचे तास एनपीटीईएल आणि स्वयम् या ठिकाणी फुकट बघता येतात, बायोफिजिक्सचेसुद्धा. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच फी. बहुतेक इंग्रजीत असतं. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला पहिले दहा तास काहीच कळल्यासारखं वाटत नाही. ताईंची मुलगी एकच तास तीन-तीनदा ऐकत होती, आणि तिच्या आजीला वाटायचं ही मोबाइलवर वेळ घालवते. घरात एकदा सांगून ठेवा की हा अभ्यास आहे.

यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम. बायोफिजिक्स शिकलेली नाही, ही उणीव सगळ्यात चांगली भरून निघते ती इथे. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी इतर दोन अकादम्यांबरोबर दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना दोन महिन्यांसाठी मोठ्या संस्थांमध्ये पाठवते, वर पैसेही देते. तिचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच भरावे लागतात, म्हणून दुसऱ्या वर्षातच चौकशी करावी. तिथे निवड झाली नाही तर आपल्याच कॉलेजात छोटा प्रकल्प करावा. लिंबाच्या लोणच्यात मीठ फोडीतलं पाणी किती वेगानं ओढतं, हे वजन करून मोजता येतं. मॅडम म्हणाल्या, बटाट्याच्या चकत्या आणि मिठाचं पाणी घेऊनसुद्धा चांगला प्रकल्प होतो, वही नीट ठेवली तर. पुढे अर्ज करताना शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात. ज्या शिक्षकांनी मुलीला काम करताना पाहिलंय त्यांचं पत्र वजनदार ठरतं. नुसते मार्क पाहिलेल्या शिक्षकाला लिहायला तरी काय सापडणार?

मग परीक्षा. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना जॅम नावाची परीक्षा देता येते, ती फेब्रुवारीत असते आणि फॉर्म आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला निघतात. मुलींना फी कमी आहे. त्यात बायोफिजिक्सचा पेपर नाही, आपापल्या विषयाचा द्यायचा. जीवशास्त्राच्या मुलींसाठी बायोटेक्नॉलॉजीचा पेपर असतो, पण त्यातही फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणिताचे प्रश्न येतात, म्हणून वर एवढा जोर दिला. या मार्कांवर आयआयटीत एम.एस्सी. मिळते, आणि बंगळुरूची विज्ञान संस्था, पुण्याची आयसर अशा ठिकाणी एम.एस्सी. आणि पीएच.डी. जोडून करण्याचा रस्ताही आहे. खास बायोफिजिक्सची एम.एस्सी. हवी असेल तर मुंबई विद्यापीठाचा कलिना इथला विभाग आहे, दिल्लीच्या एम्समध्ये आहे, चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात आहे. कुठे कोणती पदवी चालते, किती टक्के लागतात, हे दर वर्षीच्या माहितीपत्रकात बघावं. खिडकीवर विचारून येऊ नये.

परदेशाचंही एका मैत्रिणीनं विचारलं. अमेरिकेत या विषयाच्या पीएच.डी.ला फिजिक्स, केमिस्ट्री, जीवशास्त्र, गणित अशा सगळ्या बाजूंची मुलं घेतात, आणि निवड झाली तर बहुधा फी माफ होऊन खर्चाला पैसे मिळतात. आपली तीन वर्षांची पदवी काही ठिकाणी पुरत नाही, म्हणून बहुतेक मुली इथे एम.एस्सी. करून मग अर्ज करतात.

नावांचा एक घोळ मात्र टाळा. बायोफिजिक्स आणि मेडिकल फिजिक्स वेगळं. कॅन्सरच्या दवाखान्यात किरणांचं माप ठरवणाऱ्या तज्ज्ञाचं काम हवं असेल तर रस्ता दुसरा आहे, एम.एस्सी. फिजिक्स करून मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा. त्यात नोकरी लवकर लागते, असं मॅडमचं म्हणणं. बायोफिजिक्सची नुसती एम.एस्सी. झाली की लगेच नोकरी, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हा संशोधनाचा रस्ता आहे आणि तो लांब आहे. पुढे शिक्षिका व्हायचं असेल तर आणखी एक गोष्ट आधीच विचारून घ्या, ज्युनिअर कॉलेजात जागा फिजिक्सच्या किंवा बायोलॉजीच्या असतात, तिथे ही पदवी धरतात का. नाही म्हणाले तर एम.एस्सी. फिजिक्सलाच करून, त्यात प्रकल्प बायोफिजिक्सचा घेणं शहाणपणाचं.

पैशांचं गणित ताईंच्या घरी आम्ही वहीवर मांडलं. एम.एस्सी.ची दोन वर्षं घरून खर्च. वसतिगृह, खानावळ, येणं-जाणं. त्यानंतर नेट परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. हे दर २०२३ पासूनचे. नेटमध्येही बायोफिजिक्सचा वेगळा पेपर नाही, फिजिक्सची मुलगी भौतिकशास्त्राचा देते, जीवशास्त्राची जीवशास्त्राचा. फेलोशिप सगळ्यांना मिळत नाही, हेही आम्ही त्याच पानावर लिहिलं. ताईंचे मालक बराच वेळ वहीकडे बघत बसले होते. मग म्हणाले, "दोन वर्षं काढू आपण. पण एम.एस्सी. झाल्यावर मिळालं नाही काही, तर?" मुलगी म्हणाली, तर बी.एड. आहेच ना, बाबा, ते कुठे पळतंय.

स्थळांचं दोन वर्षं लांबणीवर टाकायचं ठरलं. आजीला ते पटलेलं नाही अजून. त्यांचं म्हणणं, पोरगी तेवीसची झाली की लोक विचारतात. आम्ही आजींशी वाद घातला नाही. पण पुढच्या बैठकीत गटानं ठरवलं की जॅमची फी आणि परीक्षेला शहरात जायचं-यायचं भाडं, एवढं कर्ज गटातून द्यायचं, आणि तिच्याबरोबर मावशींपैकी कुणीतरी एक जाईल.

ताईंची मुलगी सध्या अकरावीचं जीवशास्त्र वाचतेय. शेजारची एक मुलगी याच वर्षी अकरावीला आहे. रविवारी दुपारी दोघी ओट्यावर बसतात, ती हिला पेशीच्या आकृत्या काढून दाखवते आणि ही तिचं गणित करून घेते. शेजारणीनं मुलीला गणित सोडायला लावायचं ठरवलं होतं, ते तूर्त राहिलंय.

तुमच्या घरात, गल्लीत अशी कुणी मुलगी असेल तर तिला घेऊन केंद्रावर या, माहितीपत्रकं आम्ही जपून ठेवली आहेत. पुढच्या बुधवारी हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल बोलू. येतो मग.